होकार मिळाला तरी पुन्हा जावं लागतं: सलाफहादच्या पाच मुली

अष्टागर

महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा. ज्या काळाची ही गोष्ट आहे त्या काळात बायकांची नावं सहसा कुणी नोंदवत नसे. 'अमक्याची बायको', 'तमक्याची लेक' एवढ्यावर भागायचं. या पाच बहिणींची नावं मात्र ज्यू धर्मग्रंथात पुन्हा पुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी पाचच्या पाच. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

प्रसंग गणना या ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात आहे. मोशेच्या मागोमाग मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेली इस्राएली पिढी वाळवंटात संपत आली आहे. नवी शिरगणती झाली आहे आणि तिच्यात वीस वर्षांवरचे पुरुष मोजले आहेत. पलीकडे यार्देन नदी, तिच्या पलीकडे वचन दिलेली जमीन, आणि त्या जमिनीचे वाटे या शिरगणतीतल्या नावांवर पडायचे आहेत. इस्राएलच्या बारा वंशांपैकी मनश्शेच्या वंशातला सलाफहाद वाळवंटात वारला. त्याला मुलगा नाही, पाच मुली आहेत. म्हणजे त्या घराला जमीन नाही.

मुली दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, दाराशी जाऊन उभ्या राहतात. समोर कोण? मोशे, एलाजार याजक (पुरोहित), सगळे सरदार आणि अख्खी मंडळी. त्या काय म्हणतात ते नीट पाहण्यासारखं आहे. आमचे वडील वाळवंटात वारले. कोरहाने मोशेविरुद्ध बंड केलं त्या टोळीत ते नव्हते. आपल्याच पापाने मेले, आणि त्यांना मुलगा नव्हता. मुलगा नव्हता एवढ्यासाठी वडिलांचं नाव कुळातून का पुसलं जावं? वडिलांच्या भावांबरोबर आम्हालाही वतन द्या.

'हिचा बाप बंडखोर होता' हा आक्षेप कुणी घ्यायच्या आधीच त्यांनी निकालात काढला. मग समोर बसलेल्यांना जे सगळ्यात प्रिय, बापाचं नाव आणि कुळ, त्याच पायावर मागणी उभी केली. तुमचा नियम तुमच्याच मूल्याला धरून नाही, असं त्या सांगतायत. आणि यात विनवणीचा सूर कुठेही नाही.

ही मांडणी आयत्या वेळी सुचलेली नव्हती असं जुने भाष्यकारही मानतात. 'सिफ्रे' या प्राचीन भाष्यात म्हटलंय की जमीन फक्त पुरुषांना मिळणार हे कळल्यावर बहिणी एकत्र बसल्या आणि त्यांनी खल केला. माणसाची माया बाईपेक्षा पुरुषावर जास्त असते, पण ज्याच्या शब्दाने जग झालं त्याची माया सगळ्यांवर सारखी, असं त्या एकमेकींना म्हणाल्या. तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या मोठ्या संग्रहाच्या 'बावा बात्रा' या भागात आणखी एक तपशील येतो: त्या गेल्या तेव्हा मोशे नेमका निपुत्रिकाच्या विधवेने दिराशी लग्न करण्याचा नियम शिकवत बसला होता. मुलींनी तिथेच धरलं. आम्हाला बापाची संतती मोजत असाल तर मुलासारखा वाटा द्या. मोजत नसाल तर आमची आई निपुत्रिक ठरली, मग तिला तो नियम लावा. दोन्हीकडून कोंडी!

मोशेकडे उत्तर नव्हतं. त्याने प्रकरण देवापुढे नेलं आणि उत्तर आलं, सलाफहादच्या मुली म्हणतात ते बरोबर आहे. नुसता वाटा मिळाला असं झालं नाही, सगळ्यांसाठी नियम बदलला: मुलगा नसेल तर मुलगी, मुलगी नसेल तर भाऊ, मग चुलते, मग जवळचा नातलग. ११ व्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी इथे लिहितो की मोशेच्या डोळ्यांना जे दिसलं नाही ते यांच्या डोळ्यांना दिसलं. मोशेबद्दल असं लिहिणं ही साधी गोष्ट नाही.

प्रवचनात ही कथा बहुतेक वेळा इथेच थांबते. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

३६ व्या अध्यायात त्याच कुळातले पुरुष मोशेकडे येतात. या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्न केलं तर जमीन तिकडे जाईल, आमचा वाटा कमी होईल, ही त्यांची तक्रार. मोशे म्हणतो, यांचंही बरोबर आहे. मुलींना अट पडते: लग्न बापाच्या वंशातच करायचं. त्या चुलतभावांशी लग्नं करतात. म्हणजे हक्क मिळाला आणि लगेच त्याला मुरड पडली.

आणि मग यहोशवाच्या ग्रंथाचा १७ वा अध्याय. मोशे वारलाय, त्याच्या जागी यहोशवा पुढारी आहे. नदी ओलांडून झाली, लढाया झाल्या, जमिनीचे वाटे पडतायत. या पाच जणी पुन्हा उठतात आणि एलाजार याजक, यहोशवा आणि सरदार यांच्यापुढे जाऊन सांगतात, आमच्या भावकीबरोबर आम्हाला वतन द्यावं अशी परमेश्वराने मोशेला आज्ञा केली होती. तेव्हा कुठे वाटा हातात पडतो. हा एलाजार तोच, जो पहिल्या वेळी दर्शनमंडपाच्या दाराशी हजर होता. त्याच्या देखत निकाल लागला होता, तरी 'या पोरींनो, तुमचा वाटा घ्या' असं म्हणायला कुणी आलेलं ग्रंथात दिसत नाही. जावं त्यांनाच लागलं.

इराणच्या राजाची ज्यू राणी एस्तेर, तिचंही असंच. न बोलावता राजाकडे गेली, जिवावर उदार होऊन, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कत्तलीचा बेत रचणारा दरबारी हामान फासावर गेल्यावरही ज्यूंच्या कत्तलीचं फर्मान तसंच लागू होतं, कारण राजमुद्रेचा हुकूम मागे घेता येत नाही. आठव्या अध्यायात ती परत राजाच्या पायाशी पडून रडते, आणि मग दुसरं फर्मान निघतं. लोक वाचतात ते त्या दुसऱ्या जाण्यामुळे.

बदलासाठी झगडणाऱ्यांना आपण पहिला 'नाही' पचवायला शिकवतो. पहिला 'हो' मिळाल्यानंतरचं काम कुणी शिकवत नाही, आणि माणसं तिथेच गाफील राहतात असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला माहीत असलेली उदाहरणं असतील तर जरूर लिहा.

---

पानफुटी

फार आवडलं. यहोशवाचा भाग मला ठाऊकच नव्हता.

मी तालुक्याच्या गावी बायकांना वारसनोंदीच्या कामात मदत करते, त्यामुळे वाचताना सारखं तेच डोळ्यांपुढे येत होतं. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हक्क जन्मानेच आहे. कायद्यात आता शंकेला जागा नाही. आणि तरी बाप गेला की तेराव्याच्या आत कुणीतरी हक्कसोड पत्राचा विषय काढतंच. "माहेर तुटेल गं" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे बाईला स्वतःच जावं लागतं आणि तेही भावांच्या देखत. पाच जणी मिळून गेल्या हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. एकटी बाई जाते तेव्हा ती दारातूनच परत फिरते.

---

वादसंवाद

लेख चांगला आहे, पण मला दोन ठिकाणी अडतं.

एक म्हणजे याला बदल म्हणावा का? मुलगा असेल तर मुलीला काहीच नाही, हे तसंच राहिलं. वर लग्न कुणाशी करायचं यावर बंधन आलं. शेवटी जमीन चुलतभावांच्या घरातच गेली की. कुळाचं नाव टिकलं, जमीन वंशात राहिली, पुरुषांचं काहीच बिघडलं नाही. अशा मागणीला होकार देणं सोपं असतं.

दुसरं कोरहाचं. तोही बदलच मागत होता. सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच का डोक्यावर बसता, असं त्याने मोशे आणि त्याचा भाऊ, याजक अहरोन, यांना विचारलं. आजच्या कानांना कोरहाची मागणी जास्त समतेची वाटते. त्याला जमिनीने गिळलं. मुलींनी मात्र सुरुवातीलाच 'आम्ही त्यातल्या नाही' म्हणून सांगून टाकलं. मग धडा काय घ्यायचा? गोड बोला, सत्तेला धक्का लावू नका?

---

अष्टागर

वादसंवाद, दोन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बदल अपुरा होता हे खरंच. पण ज्यू परंपरेनेही तो अपुराच मानला आणि पुढे त्याच्यावर काम करत राहिली. लग्नाची अट तालमूदमध्ये त्या एका पिढीपुरती ठरवली आहे. आणि वंशावंशांत लग्नाची मोकळीक झाली त्या दिवसाची आठवण अव महिन्याच्या पंधराव्या तिथीशी जोडली आहे. तो आनंदाचा दिवस मानला जातो. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात वर्णन आहे की त्या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यात नाचायला जात, आणि ते कपडे एकमेकींकडून उसने घेतलेले असत, म्हणजे जिच्याकडे नाहीत तिला खाली बघावं लागू नये. अट उठल्याचा दिवस सण झाला, हे मला विलक्षण वाटतं.

मुलगे असताना मुलीला काही नाही, याच्यावरही वाट काढली गेली. मध्ययुगात जर्मनी-पोलंडकडच्या ज्यूंमध्ये बाप लग्नाच्या वेळी मुलीला एक दस्त करून द्यायचा. मुलाच्या वाट्याच्या निम्मा वाटा तिला मिळावा अशी त्यात तजवीज असे. मूळ नियमाला हात न लावता दस्ताच्या आडोशाने निम्म्यापर्यंत पोचले. इस्राएलच्या १९६५ च्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखे झाले. किती शतकं गेली बघा. पहिल्या दिवशी पूर्ण मिळत नाही म्हणून त्या पाच जणी दाराशी गेल्याच नसत्या, तर पुढच्यांना धरायला काठही मिळाला नसता.

कोरहाबद्दल. त्याचं वाक्य समतेचं आहे, पण त्याची मागणी काय होती? तो स्वतः लेवी, म्हणजे मंडपाच्या सेवेतला, आणि मोशे त्याला तोंडावर विचारतो, आता याजकपणही हवंय का? 'पिर्के अवोत' या जुन्या वचनसंग्रहात वादाचे दोन प्रकार सांगितलेत. हिल्लेल आणि शम्माय या दोन पंडितांचा वाद देवासाठी होता म्हणून टिकला, कोरह आणि त्याच्या टोळीचा तसा नव्हता म्हणून टिकला नाही. मुलींना मोशेची जागा नको होती. आणि गोड बोलण्याचं म्हणाल, तर अख्ख्या मंडळीसमोर पुढाऱ्याला निरुत्तर करणं याला मी गोड बोलणं म्हणणार नाही.

---

नवगाव_ते_अश्दोद

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, कोकणातल्या घराण्यातली. लहानपणीच आईवडिलांबरोबर इस्राएलला आले. घरात अजून मराठी बोलतो, नातवंडांना 'ये गं, जेवून घे' एवढं तरी कळतं. अष्टागर, तुम्ही उदाहरणं मागितलीत म्हणून आमचं सांगते. तुमच्या तीन पायऱ्या, आधी हो, मग अट, मग पुन्हा जाणं, अगदी तशाच आमच्या वाट्याला आल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आमच्या परंपरेप्रमाणे आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमवरून केहिमकर. मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. आमचे जुने लोक त्याला मशीदच म्हणत.

१९४८ नंतर आमचे लोक मोठ्या हौसेने इस्राएलला आले. सुरुवात कठीण गेली. घरं आणि नोकऱ्या देताना भेदभाव होतो या रागातून १९५१-५२ मध्ये बेर-शेवाच्या आमच्या लोकांनी धरणं धरलं, उपोषण केलं, 'आम्हाला भारतात परत पाठवा' म्हणून. काही जणांना खरंच परत पाठवलं गेलं. त्यांतले बरेच नंतर पुन्हा आले.

मग लग्नाचा प्रश्न उभा राहिला. इस्राएलमध्ये ज्यूंची लग्नं रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, हातात असतात. आम्ही शतकानुशतकं बाकीच्या ज्यूंपासून तुटलेलो, तेव्हा यांच्यात काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले असतील का, विधवेला दिराच्या बंधनातून मोकळं करण्याचा विधी यांना माहीत होता का, अशी शंका काढली गेली. १९६१ मध्ये मुख्य रब्बीनेटच्या, म्हणजे रब्बींच्या सर्वोच्च पीठाच्या, परिषदेने निर्णय दिला की बेने इस्राएलशी लग्न करायला हरकत नाही. आमच्यात पेढे वाटले गेले म्हणतात. आणि १९६२ च्या सुरुवातीला नोंदणी करणाऱ्यांसाठी सूचना निघाल्या: बेने इस्राएल माणसाने दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं तर त्याची आई, आईची आई, अशी जेवढं मागे जाता येईल तेवढी चौकशी करा. हा झाला आमचा ३६ वा अध्याय.

माझ्या आत्याचं लग्न त्यातच अडकलं. मुलगा इराकी घराण्यातला, दोन्हीकडून पसंती. आजीने पेणहून आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेतून स्वतःचा कतुब्बा, म्हणजे लग्नाचा करारलेख, काढून दिला. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण हजानची, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याची, सही स्पष्ट. कचेरीतल्या माणसाने तो पाहिला आणि आजीच्या आईचा कागद मागितला. तिचं लग्न कोकणातल्या खेड्यात, चार नातेवाइकांसमोर झालेलं. आजी घरी येऊन काहीच बोलली नाही, ट्रंकेला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. तिच्या ज्यू असण्यावर कुणी कोकणात कधी संशय घेतला नव्हता, घाणा बंद दिसला की लोकांना वार कळायचा. इथे, स्वतःच्या देशात, तिला पुरावा मागितला गेला.

१९६४ च्या उन्हाळ्यात आमचे लोक गावोगावहून यरुशलेमला गेले आणि बाहेरून येणाऱ्या ज्यूंची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या आवारात धरणं धरून बसले. बायका, मुलं, म्हातारे, सगळे. माझे वडील कामावरून रजा घेऊन गेले. ते सांगत की रात्री एकीकडे तहिल्लीम, म्हणजे स्तोत्रं, आणि दुसरीकडे मराठी कीर्तन चालायचं. वर्तमानपत्रवाले येऊन विचारायचे, तुमची मागणी काय? एकच: आमच्यासाठी वेगळा नियम नको. ऑगस्टमध्ये क्नेसेटचं, म्हणजे संसदेचं, खास अधिवेशन बोलावलं गेलं. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, कुठल्याही बंधनाशिवाय, इतरांच्या बरोबरीचे. महिना संपेपर्यंत रब्बीनेटने सूचनेतून 'बेने इस्राएल' हे शब्द काढले आणि ज्याच्या कुळाविषयी शंका असेल अशा कुणालाही लागू, अशी दुरुस्ती केली.

आत्याचं लग्न झालं. घरी मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं, फळं, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन. पण तेवढ्याने विषय मिटला नाही. एखाद्या गावच्या कचेरीत आमच्या मुलांना अडवल्याचं त्यानंतरही कानावर येत राहिलं, आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी १९६४ चा निर्णय घेऊन जाऊन दाखवावा लागला.

---

सोनटक्का

नवगावताई, वाचून गलबलून आलं. तुमच्या आजीला नमस्कार. धरण्यात बसलेल्यांच्या आठवणी कुणी मराठीत लिहून ठेवल्या असतील तर त्या जपायला हव्यात.

या विषयावर मला यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ३६ वा अध्याय सगळ्यात जवळचा वाटतो, तो इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. यिर्मयाला मंदिरात जायची बंदी आहे. म्हणून तो देवाचे इशारे सांगतो आणि त्याचा लेखनिक बारुख ते शाईने गुंडाळीवर लिहितो, मग उपासाच्या दिवशी बारुखच ती मंदिरात लोकांसमोर वाचतो. गोष्ट दरबारात पोचते. अधिकारी बारुखला आधीच सांगून ठेवतात, तू आणि यिर्मया लपून बसा.

नववा महिना, थंडीचे दिवस. यहोयाकीम राजा हिवाळी महालात बसलाय, समोर शेगडी पेटलेली आहे. यहूदी नावाचा माणूस गुंडाळी वाचू लागतो. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. असं करत सगळी गुंडाळी जाळली. तिघे जण 'जाळू नका' म्हणून विनवतात, तो ऐकत नाही. रागाच्या झटक्यात सगळं एकदम भिरकावलेलं नाही. बसून, ऐकून, सावकाश जाळलंय. मला ते जास्त भयंकर वाटतं.

पुढे यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारुखला देतो, आणि जळलेल्यातला शब्द न् शब्द परत सांगतो. अध्यायाचं शेवटचं वाक्य असं आहे की तशाच आणखी पुष्कळ गोष्टी तीत घातल्या. राजाच्या शेगडीने मजकूर वाढवला! माहिती अधिकाराचे अर्ज फेटाळले गेले की मी आमच्या गटातल्या पोरांना हे सांगतो: दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा लांब आणि नेमका लिहा.

---

वादसंवाद

अष्टागर, कोरहाचं उत्तर पटलं. पहिल्या मुद्द्यावर अजून पूर्ण नाही, पण पांढऱ्या कपड्यांचा तपशील लक्षात राहील. नवगावताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तरी एक गोष्ट सुटतेय. चिकाटीने मागूनही न मिळाल्याच्या कथा त्याच ग्रंथात आहेत. सदोम शहराचा नाश होऊ नये म्हणून अब्राहामाने देवाकडे पन्नासापासून सुरुवात केली, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा नीतिमान माणसांपर्यंत घासाघीस केली. प्रत्येक वेळी 'हो' मिळालं. आणि शहर जळालंच. मोशेने वचनाच्या देशात जाऊ देण्यासाठी विनवण्या केल्या, तर 'अनुवाद' या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात देव त्याला म्हणतो, पुरे, या गोष्टीविषयी पुन्हा बोलू नकोस. एवढ्या मोठ्या माणसाला! मग कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं, हे कोण ठरवणार? मी एका कामगार संघटनेत उमेदीची वर्षं घातली आहेत. वर्षानुवर्षं तीच मागणी घेऊन जाणारी माणसं आतून कशी रिकामी होतात ते जवळून पाहिलंय, म्हणून हे विचारतोय.

---

अष्टागर

तुमचा प्रश्न पुस्तकी नाही हे कळतंय, त्यामुळे उत्तरही सांभाळून देतो.

मोशेला 'पुरे' म्हटल्यावर लगेच पुढच्या ओळींत त्याला काम सांगितलंय: यहोशवाला आज्ञा दे, त्याला धीर दे, कारण लोकांना पलीकडे तो नेणार आहे. मागणी संपली नाही, मागणारा बदलला. रब्बी तरफोन यांचं वचन पुष्कळांना पाठ असतं, काम पुरं करणं तुझ्यावर नाही, पण त्यातून अंग काढून घ्यायलाही तू मोकळा नाहीस. लोक ते स्वतःला जुंपून घेण्यासाठी वापरतात. पहिला अर्धा भाग मला सुटकेसारखा वाटतो. थकलेल्या माणसाला 'तू बस, आता ही जाईल' असं म्हणणारं कुणीतरी हवं. ज्या संघटनेत ते नसतं तिथे माणसं रिकामी होतात.

अब्राहामाचं मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. तो दहावर थांबला. त्याने एकावर का नेलं नाही, हा प्रश्न मलाही सतावतो.

---

दुर्वांकुर

एक आजचं उदाहरण. यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी, कोटेलवर, बायकांनी सामूहिक प्रार्थना करावी, तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचावी, तल्लीत ही प्रार्थनेची शाल पांघरावी, यासाठी 'विमेन ऑफ द वॉल' हा गट १९८८ च्या डिसेंबरपासून झगडतोय. दर महिन्याच्या पहिल्या तिथीला, रोश होदेशला, त्या तिथे जातात. शिव्या, धक्काबुक्की, अटक, सगळं झालं. २०१३ मध्ये यरुशलेमच्या जिल्हा न्यायालयाने म्हटलं की त्यांची प्रार्थना स्थानिक प्रथेचा भंग ठरत नाही. २०१६ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सर्वांसाठी वेगळी, नीट बांधलेली जागा देण्याची तडजोड मंजूर केली. २०१७ च्या जूनमध्ये तीच तडजोड थंड्या बस्त्यात गेली. मी हैफाला शिकत असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. पहाटेचा गारठा होता, आणि तोरा वाचणारीच्या भोवती बाकीच्या बायका खांद्याला खांदा लावून कडं करून उभ्या होत्या, कुणी गुंडाळी हिसकावू नये म्हणून. कड्यातल्या पुष्कळ जणी साठीच्या पुढच्या होत्या.

---

नवगाव_ते_अश्दोद

दुर्वांकुर, माझं मत थोडं वेगळं आहे. मी जुन्या वळणात वाढले. सिनेगॉगमध्ये बायका वरच्या सज्जात, पुरुष खाली, यात मला कधी कमीपणा वाटला नाही. कोटेलवर गेले की चिठ्ठी ठेवते, स्तोत्र म्हणते, परत येते. तिथे आरडाओरडा झालेला मला सोसत नाही, मग तो कुठल्याही बाजूचा असो. माझी मुलगी मात्र त्यांच्याबरोबर जाते. आमचं यावरून घरात वाजतं. ती म्हणते, आई, आजोबा यरुशलेमला बसले होते तेव्हाही लोक म्हणत होते, ही काय जागा आहे का गोंधळ घालायची. यावर मला बोलता येत नाही, पण मन अजून तयार होत नाही.

वादसंवाद, तुमच्यासाठी एक. धरणं संपल्यावर माझे वडील समाजाच्या कुठल्याच कामात परत गेले नाहीत. थकले होते. पुढची कागदपत्रं, पत्रव्यवहार, लोकांबरोबर कचेरीत जाणं, हे माझ्या मावशीने केलं, जी १९६४ मध्ये शाळेत होती. वडिलांना कुणी कधी बोल लावला नाही.

आणि भारतात राहिलेल्यांचंही सांगायला हवं. आमचा समाज आता तिथे अगदी थोडा उरलाय. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याच्यामागे मुंबई-ठाण्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं केलेले अर्ज आहेत. केंद्राच्या यादीत नाव नाही, म्हणून तिकडचं मागणं चालूच आहे.

---

पानफुटी

नवगावताई, आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी ही पाच बहिणींची गोष्ट सांगणार आहे. बायका वेगवेगळ्या जातीधर्मांच्या आहेत, बऱ्याच जणींची वारसनोंद अडकलीय. मराठीत कुठून वाचून दाखवू? आणि ३६ वा अध्याय वगळावा का, असाही विचार करतेय. लग्नाची अट ऐकून हिरमोड होईल.

---

नवगाव_ते_अश्दोद

पानफुटी, मराठी बायबलच्या जुन्या करारात हे सगळं आहे: गणना २७, गणना ३६ आणि यहोशवा १७ च्या पहिल्या सहा ओळी. नावं जरा वेगळी लिहिलेली दिसतील, गोंधळू नका. आमच्याकडे गणनाचा २७ वा अध्याय दर वर्षी उन्हाळ्यात, जुलैच्या आसपास, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, वाचतात.

३६ वगळू नका. तुमच्या बायका पहिला प्रश्न तोच विचारतील, भावकीने काही म्हटलं नाही का? तिथे थांबून त्यांना बोलू द्या आणि मग यहोशवा वाचा. जमलं तर ज्यांची नोंद झालीय अशा एक-दोघींना बोलवा. कुणाकडे कुठला कागद लागला, किती फेऱ्या झाल्या, तलाठी काय म्हणाला, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे.

---

पानफुटी

वगळत नाही. नोंद झालेल्या दोघी जवळच्याच गावात आहेत, त्यांना आजच फोन करते. बैठक झाली की इथे लिहीन.